आमची वाटचाल: आधी इंजिनाचं झाकण उचला

वापरलेल्या इनबोर्ड बोटी (इंजिन आत असलेल्या) विकत घ्यायच्या, उघडायच्या, जे झिजलंय-सडलंय ते बदलायचं आणि वेकबोर्ड, वेकसर्फ करणाऱ्यांना, म्हणजे बोटीमागच्या लाटेवर फळीवर खेळणाऱ्यांना, विकायच्या, हा आमचा धंदा. नवी बोट आम्ही कधी ठेवली नाही. हा धंदा कसा उभा राहिला आणि मधे तो जवळजवळ कसा बसला, हे इतरांनी आपापल्या सोयीने पुष्कळदा सांगितलंय. आता आमच्या तोंडून ऐका.

सुरुवात दोघांची. मी आणि माझे भागीदार. ते वयाने बरेच मोठे, मरीन इंजिनांवर आयुष्य काढलेले. यार्डात लहानथोर सगळे त्यांना काका म्हणत, मीही तेच म्हणायचो. भांडवल माझं, हात त्यांचे. त्यांची हत्यारांची पेटी अजून आमच्याकडे आहे आणि रोज उघडते. कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायला), फीलर गेजचा जुना संच (बारीक फट मोजायच्या पट्ट्या), लांब दांड्याचा आरसा, टॉर्क पाना (बोल्ट ठरावीक जोराने आवळायला) आणि प्लास्टिकच्या डोक्याची छोटी हातोडी. लाखाची मशिनरी आणली तरी या पाच वस्तूंचं काम ती करत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

काका बोट बघायला गेले की सीट, रंग, स्पीकर यांच्याकडे ढुंकूनही बघत नसत. इंजिनाचं झाकण उचलायचे आणि टॉर्क पाना थेट इंजिन-माउंटच्या बोल्टवर लावायचे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या बऱ्याच बोटींत तळाशी लांबीने जाणारे, इंजिन ज्यांवर बोल्टने बसतं ते स्ट्रिंगर लाकडाचे, वरून फायबरग्लास गुंडाळलेले असत. नॉटीक बोटी बनवणाऱ्या करेक्ट क्राफ्ट कंपनीने 1993 च्या मॉडेलपासून लाकूड सोडलं. बोल्टच्या भोकातून पाणी झिरपत राहिलं की लाकूड आतल्या आत कुजतं, वरचं फायबर मात्र धडधाकट दिसतं. अशा बोटीत बोल्ट आवळला जात नाही, नुसता गरगर फिरतो. तो तसा फिरला की काका पाना पुसून पेटीत ठेवत आणि मालकाला "राहू द्या" एवढंच म्हणत. इंजिन कितीही गोड वाजत असो, त्यापुढे बोलणं नाही. बोल्टने दाद दिली तर मग हातोडी. ट्रान्सम (बोटीची मागची भिंत), तळ, फ्लोअर सगळीकडे ठोकत जायचं. आवाज टणक आला तर ठीक, बद्द आला तर तिथे पाणी आहे किंवा थर सुटलाय.

पहिल्या काळात आमच्याकडे येत त्या बहुतेक डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे स्कीवाल्यांच्या बोटी. इंजिन मधोमध, शाफ्ट सरळ मागे, मागची लाट बुटकी. स्लॅलमला, म्हणजे एका स्कीवर बोयांना वळसे घालायला, ती बुटकी लाटच हवी असते. वेकबोर्डवाल्यांना उलट हवं: वजन मागे, लाट उंच. 1997 साली सुपर एअर नॉटीक टॉवरसकट बाजारात आली आणि दोर उंचावर बांधायची सोय कंपनीकडूनच मिळू लागली. त्यानंतर गिऱ्हाईक व्ही-ड्राइव्हच मागू लागलं. इंजिन ट्रान्समला टेकलेलं, शाफ्ट आधी पुढे आणि गिअरबॉक्समधून वळून परत मागे. बसायला जागा मोठी, वजन आपोआप मागे. मात्र या बोटीत पॅकिंग, शाफ्ट जोडणारा कपलर आणि शाफ्टचं सील इंजिनाखाली दडलेलं असतं, म्हणून तिथली गळती वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. आम्ही बघतो. कपलरच्या दोन्ही तबकड्यांमधली फट चारी बाजूंनी फीलर गेजने मोजायची आणि फरक 3 थाउच्या (इंचाच्या हजाराव्या भागांच्या) आत आणायचा. तो न आणता बोट विकली तर गिऱ्हाइकाला थरथर लागते, पुढे शाफ्टला खालून धरणाऱ्या स्ट्रटमधलं बेअरिंग जातं, आणि तो बिचारा पंख्याला (प्रॉपेलरला) दोष देत बसतो.

आमच्या पहिल्या व्ही-ड्राइव्हपैकी एक एका ताईंनी नेली. तेव्हा त्या वेकबोर्ड करत, ताशी 20 ते 23 मैलांवर, लांब दोरावर. पुढे गुडघ्याने त्रास दिला तेव्हा त्या वेकसर्फकडे वळल्या. तिथे वेग 10 ते 12 मैल, लाट धरली की दोर सोडून द्यायचा, पडलं तरी अंगाला फारसा मार नाही. बोट मात्र बदलली नाही. दर मोसमात रॉ-वॉटर पंपाचा (इंजिन थंड ठेवायला बाहेरचं पाणी ओढणाऱ्या) इम्पेलर, म्हणजे रबरी पात्यांचं चाक, त्या स्वतः बदलतात. एकदा जुन्या इम्पेलरची दोन पाती कमी निघाली, तेव्हा त्यांनी फोन केला: "दादा, तुकडे सापडल्याशिवाय इंजिन चालू करू नको म्हणाला होतास ना?" तुकडे गिअरबॉक्सच्या ऑइल कूलरच्या तोंडाशी अडकलेले सापडले. असं गिऱ्हाईक मिळणं हीच आमची जाहिरात.

मग 2012 उजाडलं. मालिबू या बोट कंपनीने सर्फ गेट आणलं, नॉटीकने 2013 च्या मॉडेलला स्वतःची सर्फ सिस्टिम दिली, आणि बाजार एका मोसमात पालटला. ज्यांनी हा काळ पाहिला त्यांना समजावायला नको, पण नव्यांसाठी सांगतो. बोट पाणी दोन्हीकडे सारते आणि ते पाणी मागे येऊन भेटतं. दोन्ही बाजू सारख्या वेळी भेटल्या तर लाट फेसाळ, बिनचेहऱ्याची होते. पूर्वी आम्ही सर्फरच्या बाजूला पाण्याच्या पिशव्या रचून बोट त्या अंगाला कलती करायचो. गेट म्हणजे ट्रान्समजवळ, सर्फरच्या विरुद्ध बाजूला उघडणारी पट्टी. ती तिकडच्या पाण्याला उशीर करते, त्यामुळे बोट सपाट राहूनही सर्फरच्या बाजूची लाट स्वच्छ निघते. बटण दाबलं की लाट डावीकडून उजवीकडे. पिशव्या ओढणं संपलं.

आमच्या यार्डात तेव्हा उभ्या होत्या त्या सगळ्या गेटपूर्वीच्या व्ही-ड्राइव्ह. चांगल्या, तपासलेल्या, आमचा पैसा अडकलेल्या. आमच्याच रस्त्यावर वापरलेल्या बोटींचं आणखी एक यार्ड होतं, त्यांचं नाव मी घेणार नाही. त्यांनी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला सुरुवात केली की गेट नसलेली बोट म्हणजे भंगार. घाबरलेल्या मालकांकडून त्याच "भंगार" बोटी त्यांनी पडेल भावात उचलल्या, इंजिनावर स्प्रेने रंग मारला, सीटचे कव्हर बदलले आणि नवख्यांना विकल्या. मी हे ऐकीव सांगत नाही. त्यातल्या कित्येक बोटी पुढे आमच्याच शेडमध्ये दुरुस्तीला आल्या.

त्यातली एक मी मरेपर्यंत विसरणार नाही. एक तरुण मुलगा आमच्याकडे बोट बघून गेला होता. आमची त्याला जुनाट वाटली, त्याने तिकडची चकचकीत घेतली. मोसम अर्धाही झाला नव्हता तोच इंजिन ऑइल दुधाळ झालं, म्हणजे त्यात पाणी शिरलं, आणि बोट आमच्याकडे आली. काकांनी आरसा धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डखाली घातला. ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या ओतीव धडाच्या, बाजूला हातभर पट्ट्यात रंगाची चमक वेगळी होती. खरवडलं तर खाली इपॉक्सी, इपॉक्सीखाली आडवी चीर. हिवाळ्याआधी ब्लॉकमधलं पाणी काढलंच नव्हतं. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं, आणि ओतीव लोखंड काही ताणलं जात नाही. ब्लॉक गेलेला होता, कुणीतरी तो जाणूनबुजून झाकला होता.

आम्ही मुलाला खरं ते सांगितलं. तो जाब विचारायला गेला तेव्हा त्या यार्डाने उलट गावभर केलं की ब्लॉक आमच्याच शेडमध्ये फुटला. आमच्याच! ज्या शेडमध्ये ब्लॉकचे, मॅनिफोल्डचे ड्रेन प्लग काढून प्रत्येक भोकात तार घालून गाळ मोकळा करतात, कारण गाळाने भोक बुजलं तर प्लग काढूनही पाणी आतच राहतं. त्या शेडबद्दल हे बोललं गेलं. लोकांनी हिवाळ्याची कामं आणणं थांबवलं. विक्री आधीच बंद होती. पगार निघेनात. काकांनी आपल्या वाट्याची रक्कम मागितली नाही, उलट घरून आणखी आणली. मी यार्ड विकायची बोलणी सुरू केली होती, हे पहिल्यांदाच लिहितोय.

वाचवलं दोन गोष्टींनी. एक, काकांची सवय. हात लावायच्या आधी ते प्रत्येक इंजिनाचे फोटो काढत, ऑइलच्या कांडीसकट. त्या मुलाची बोट ट्रेलरवरून उतरायच्या आधीच्या फोटोंत दुधाळ ऑइल आणि रंगाचा तो पट्टा दोन्ही स्पष्ट होते. मुलाने ते फोटो दहा जणांना दाखवले आणि बोलणाऱ्यांची तोंडं हळूहळू बंद झाली. माफी मात्र आजवर कुणी मागितलेली नाही.

दुसरं, ताई. त्या आपली जुनी व्ही-ड्राइव्ह घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "दादा, बोलत काय बसलास, पाण्यात उतरव." मागच्या दोन्ही कप्प्यांत सारखं पाणी भरलं, पुढे नाकात थोडं, आणि बोटीच्या अंगावर, सर्फरच्या विरुद्ध बाजूला, ट्रान्समजवळ व्हॅक्यूमने चिकटणारा शेपर लावला. काम गेटचंच, पाण्याला उशीर करायचं. बोट सपाट, लाट स्वच्छ. डावा पाय पुढे ठेवणारे बोटीच्या डाव्या अंगाला, उजवा पाय पुढे ठेवणारे उजव्या अंगाला, असे लोक दिवसभर आळीपाळीने सर्फ करत राहिले. नव्या मोठ्या बोटीइतकी लांब, उंच लाट येते असं आम्ही तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. पण भंगार? त्या दिवशी किनाऱ्यावर उभ्या असलेल्यांपैकी काहींनी पुढच्या महिन्याभरात आमच्या बोटी नेल्या.

त्यानंतरची वर्षं बरी गेली. काका निवृत्त झाले, त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं आता शेड बघतात.

आता गेटवाल्या बोटीही वापरलेल्या म्हणून येऊ लागल्यात, म्हणून थोडं सांगतो. गेटची पट्टी हलते म्हणून समाधान मानू नका. पट्टी हलवणाऱ्या अॅक्चुएटरचं पूर्ण उघडणं-मिटणं बघा, बिजागरीतला ढिलेपणा हाताने हलवून बघा. बॅलास्टच्या, म्हणजे लाटेसाठी पाण्याचं वजन भरायच्या, टाक्या तुमच्यासमोर पूर्ण भरायला आणि पूर्ण रिकाम्या करायला लावा. 1 लिटर पाणी म्हणजे 1 किलो, त्यामुळे 1000 लिटर भरल्यावर इंजिन कसं ओढतं हे रिकाम्या बोटीच्या चाचणीत कधीच कळत नाही. भरल्या बोटीला सुटताना दम लागत असेल तर लगेच इंजिनाला नावं ठेवू नका, आधी कमी पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात बोट कमी पुढे ढकलणारा, पंखा लावून बघा. तुमचं पाणी उंचावर असेल तर 1000 फुटांमागे साधारण 3 टक्के ताकद अशीच जाते.

तासांचा आकडा डॅशबोर्डवर वाचू नका. मीटर बदलता येतो. कॉम्प्युटर असलेल्या इंजिनांचे तास डायकॉमसारख्या सॉफ्टवेअरने काढून घ्या. व्यवस्थित जपलेलं 900 तासांचं इंजिन मी डोळे झाकून घेईन, बंद पडून राहिलेलं 150 तासांचं नाही. कॉम्प्रेशन आठही सिलिंडरचं घ्या, सगळे स्पार्क प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून. आकड्यांत 10 टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर कारण कळेपर्यंत पैसे देऊ नका. टॉवरच्या वेल्डिंगवर हाताचं बोट फिरवा. ट्रेलरच्या टायरवरचे बनवल्याच्या तारखेचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष.

आणि एक्झॉस्ट. सर्फर ट्रान्समच्या अगदी मागे असतो, इंजिन हळू आणि ओझ्याखाली चालतं, कार्बन मोनॉक्साइड नेमका तिथेच साठतो. त्याला ना वास ना रंग. जुन्या बोटीला धूर पाण्याखाली सोडणारा पाइप बसवता येतो. आम्ही तो सर्फसाठी जाणाऱ्या प्रत्येक बोटीला सुचवतो. तो बसवला तरी इंजिन चालू असताना मागच्या फळीवर कुणालाही बसू देऊ नका. आउटबोर्ड किंवा साध्या स्टर्न ड्राइव्हमागे सर्फ करायचं कुणी सुचवलं तर त्या बोटीत बसूच नका. तिथे पंखा ट्रान्समच्या मागे असतो, आणि सर्फरही तिथेच पडतो.

आमचा तपासणीचा कागद कुणीही मागावा, बोट आमच्याकडून घ्या किंवा घेऊ नका. त्या दुसऱ्या यार्डानेही आता तोच कागद छापलाय, आमच्याच क्रमाने, आमच्याच शब्दांत, आणि लोक त्याबद्दल त्यांचं कौतुक करतात. त्यांच्या छापील प्रतीत इंजिन-माउंटच्या बोल्टची ओळ मात्र गाळलेली आहे. तिकडे बोट बघायला जाणार असाल तर ती ओळ हाताने लिहून न्या आणि टॉर्क पाना स्वतःचा न्या.