वर्सोवा–घाटकोपर मेट्रो आणि भाड्याचं कलम
आज संध्याकाळी अंधेरीला मेट्रो १ च्या गर्दीत उभं असताना २०१४ चा भाड्याचा वाद पुन्हा आठवला. पीपीपी करार (सरकार आणि खासगी कंपनीची भागीदारी) कुठे फसतो हे समजायला ही ११.४ किमीची, १२ स्थानकांची लाइन पुरेशी आहे.

करार २००७ चा, मुदत ३५ वर्षं. मूळ खर्च २,३५६ कोटी, त्यात सरकारचा व्यवहार्यता तूट निधी (प्रकल्प परवडावा म्हणून दिलेली मदत) ६५० कोटी. मेट्रो धावली थेट ८ जून २०१४ ला. जागा वेळेत ताब्यात मिळत नाही, रेल्वेवरून पूल न्यायला परवानग्या रखडतात आणि व्याज मात्र रोज चढतं. मेट्रो बांधून चालवणाऱ्या कंपनीने पुढे खर्चाचा ४,३२१ कोटींचा आकडा मांडला.

आणि भाडं? करारात सुरुवातीचे टप्पे ९, ११, १३ रुपये. कंपनीचं म्हणणं, २००२ च्या मेट्रो कायद्याने पहिलं भाडं ठरवायचा अधिकार आम्हाला. एमएमआरडीए (मुंबई महानगराचं सरकारी विकास प्राधिकरण) म्हणालं, करार पाळा. प्रकरण हायकोर्टात गेलं.

म्हणून निविदेआधीच लिहून घ्या: बहुतांश जागा हातात आल्याशिवाय कामाची तारीख सुरू होणार नाही, उशिराचा भुर्दंड कोणाचा, वाढीव खर्च कोण तपासणार, आणि भाड्यावर करार व कायदा भिडले तर काय करायचं. शेवटचा मुद्दा तर आधी लिहा, कारण तो थेट रोजच्या प्रवाशाच्या खिशातून जातो.