उद्योजकतेत पीएचडी: नमुना ठरवताना आलेला माझा अनुभव

प्रवेशाचं आधी उरकून टाकतो. 2024 पासून नेट या पात्रता परीक्षेचे गुण पीएचडी प्रवेशाला धरतात, पण ते एकच वर्ष चालतात. कोर्सवर्क किमान 12 क्रेडिटचं. मुदत कोर्सवर्क धरून किमान 3, कमाल 6 वर्षं. प्राध्यापकांकडे एका वेळी 8, सहयोगींकडे 6 आणि सहायकांकडे 4च विद्यार्थी राहू शकतात, म्हणून गाइडकडे जागा आहे का हे विषय सांगण्याआधी विचारावं.

खरी डोकेदुखी नमुना ठरवताना, म्हणजे अभ्यासासाठी कुणाकुणाला निवडायचं ते ठरवताना, 'उद्योजक कुणाला म्हणायचं' ही. माझा विषय पुण्याजवळच्या भोसरी-चाकणकडचे जॉबवर्कवाले (दुसऱ्या कंपन्यांचं काम ऑर्डरवर करून देणारे): लेथवर नोकरी करून पुढे स्वतःचा गाळा टाकणारे. सारस सरस्वती यांनी 2001 मध्ये मांडलेलं 'इफेक्च्युएशन' इथे चपखल बसतं. आधी ध्येय ठरवून साधनं जमवायची नाहीत. मला काय येतं, कोण ओळखीचं आहे, इथून सुरुवात.

पण मोजायला गेलं की घोळ होतो. सरकारच्या सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांच्या वर्गवारीत 1 एप्रिल 2025 पासून 'सूक्ष्म'ची मर्यादा गुंतवणुकीत 1 कोटीवरून अडीच कोटी आणि उलाढालीत 5 कोटींवरून 10 कोटी झाली. कालचा 'लघु' गाळा आज 'सूक्ष्म'. त्यामुळे नुसता वर्ग लिहून घेऊ नका, आकडे घ्या आणि सिनॉप्सिसमध्येच (संशोधनाच्या आराखड्यातच) कोणत्या तारखेचे आकडे धरणार ती कटऑफ तारीख टाका. शिवाय एकाच शेडमध्ये वडिलांची एक फर्म, सूनबाईंच्या नावाने दुसरी. हे दोन उद्योजक की एक? मी निर्णय घेणारा माणूस मोजला.

दुसरी चूक नमुन्यात बंद पडलेले गाळे नसणं. फक्त टिकलेल्यांना विचारलं तर 'जोखीम घेतली म्हणून यश आलं' हा निष्कर्ष आपोआपच निघतो. तेवढीच जोखीम घेऊन बुडालेला यादीतच नसतो. शटर बंद दिसलं तर शेजारच्या गाळ्यात, नाहीतर जुनी मशीन विकणाऱ्या दलालाकडे चौकशी करावी.

'तुम्ही जोखीम घेता का?' असं पाच पर्यायांत विचारलं की जो तो वरच्या दोनांवरच खूण करतो. त्याऐवजी शेवटची मशीन कधी घेतली, कर्जावर की रोख, तेव्हा हातात ऑर्डर होती का, हे विचारा. उलाढाल शेवटी; आधी मशीन किती, पाळ्या किती.

आणि भोसरीला गुरुवारी जावं. साप्ताहिक सुट्टीमुळे कामगार नसतात, मशीन बंद असतात, पण शेठ बरेचदा बिलं काढत बसलेले सापडतात.