आठ जणांची एक फळी : आमची वाटचाल

आम्ही इटलीत पास्ता शिकायच्या टूर नेतो. आमच्याकडे फोन आला की व्हेज मिळेल ना आणि व्हिसाचं तुम्हीच बघता ना हे दोन प्रश्न झाले की तिसरा हाच, आठच सीट का हो? तर आठच, कारण कणीक मळायच्या फळीभोवती आठच माणसं नीट उभी राहतात. नववा मागे उभा राहून फोटो काढतो, आणि फोटो काढायला आमच्याबरोबर यायची गरज नाही.

मी नऊ वर्षं युरोप टूरवर टूर मॅनेजर होते. 45 प्रवाशांची बस, बरोबर आपले महाराज, दिवसभर रोम बघितलं तरी रात्री वरणभात. त्यात वाईट काही नाही, दमलेल्या माणसाला वरणभातच लागतो, मी स्वतः वाढलाय. पण एकदा उत्तर इटलीत, बोलोन्या शहरात बस बंद पडली, दोन तास हातात होते, एका गल्लीत दुकानाच्या काचेतून एक बाई पास्त्याची पोळी लाटताना दिसली. पोळी केवढी तर आपल्या डायनिंग टेबलाएवढी, आणि लाटणं चांगलं तीन फुटी, सरळसोट, दोन्हीकडे मुठी नाहीत. त्या लाटण्याला मात्तारेल्लो म्हणतात आणि अशा बाईला स्फोल्यीना. मी तिथेच उभी राहिले, बस दुरुस्त झाल्याचा फोन आला तरी पाय निघेना.

2011 ला नोकरी सोडली, 2012 च्या सप्टेंबरात पहिली बॅच नेली, सहा जण. माझ्याबरोबर एक पार्टनर होता, आधीच्या कंपनीतलाच, तो हिशोब आणि तिकिटं बघायचा, मी स्वयंपाकघरं शोधायचे. बोलोन्यात चार दिवस आणि मग खाली दक्षिणेला, पुल्या प्रांतात, बारी शहरात चार दिवस. लोक विचारतात दोन टोकं का. अहो उत्तरेत पास्ता म्हणजे 100 ग्रॅम पिठाला 1 अंडं, आणि पुल्यात कडक गव्हाचा बारीक रवा आणि कोमट पाणी, बस, अंडं नाहीच. अंडं न खाणाऱ्यांनी मग चार दिवस काय बघत बसायचं का?

सांगलीच्या एक मावशी पहिल्या बॅचला होत्या, तेव्हा 66 च्या, परदेशात पहिल्यांदाच. बोलोन्यात त्या गप्पच. तिथल्या शिक्षिका सांगत होत्या की ताल्यातेल्लेची, म्हणजे लांब पट्ट्यांच्या पास्त्याची, रुंदी शिजल्यावर 8 मिलिमीटर, 1972 साली ती चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर नोंदवलीये, सोन्याची पट्टी ठेवलीये तिथे, म्हणजे शहरातल्या आझिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा 12,270 वा भाग. सगळे वा वा करत होते, मावशी फळीवरून हात फिरवत होत्या. फळी खरबरीत का, एवढंच त्यांनी विचारलं. बरोबर तोच प्रश्न होता! गुळगुळीत ओट्यावर लाटलं की पोळी काचेसारखी होते, रस्सा घसरून ताटात जातो, खरबरीत लाकडावर लाटली की धरून ठेवते.

मग बारी. जुन्या गावात, किल्ल्याजवळ आर्को बास्सोच्या गल्लीत बायका दारात टेबल टाकून बसतात, जाळीच्या चौकटींवर पास्ता वाळत असतो. आम्हाला शिकवणाऱ्या बाई तिथून जवळच राहतात. त्यांनी कणकेची दोरी वळली, बोरभर तुकडा कापला, बोथट सुरीने फळीवर आपल्याकडे ओढला, तो गुंडाळला गेला की अंगठ्यावर टोपीसारखा उलटा केला. झाला कान. ओरेक्क्येत्ते म्हणजे छोटे कानच. मावशी एकदम म्हणाल्या, "अगं, ह्या तर आपल्या नखुल्या!" आणि तिथल्याच कणकेची चिमूट घेऊन नखाने दाबून एक, दोन, दहा, भराभर. आपल्याकडे लग्नाच्या रुखवतात गव्हले, मालत्या, नखुल्या, शंखुल्या असायचेच की. बारीच्या बाईंनी एक नखुली उचलून उजेडात धरली, मग खुर्ची ओढून मावशींच्या शेजारी बसल्या. भाषा कुणाचीच कुणाला येत नव्हती. त्या दिवशी जेवायला दीड तास उशीर झाला आणि कुणी तक्रार केली नाही. मावशी त्यानंतर अजून तीनदा आल्या.

पुढची चार-पाच वर्षं चांगली गेली, त्याबद्दल विशेष काही नाही.

2017 ला पार्टनर म्हणाला बॅच 40 ची करू. मी म्हणाले फळी? तो म्हणाला डेमो ठेवू, शेफ करेल, लोक बघतील. दोन महिने वाद झाला आणि तो बाहेर पडला. जाताना गिऱ्हाइकांची यादी गेली, इटिनररी गेली, आणि पुढच्या सीझनला त्याचं ब्रोशर माझ्या हातात आलं तर शब्दन् शब्द माझा. कसं ओळखलं सांगते. सुरवातीच्या ब्रोशरमध्ये मी ओरेक्क्येत्तेचं ओरेचिएट्टे असं चुकीचं छापलं होतं. ती चूकसुद्धा तशीच्या तशी. रेट आमच्यापेक्षा 35 हजाराने कमी. असणारच, हॉटेलच्या हॉलमध्ये 40 खुर्च्या आणि हातात ग्लोव्ह्ज. आमची निम्मी गिऱ्हाइकं गेली, त्यातल्या काहींच्या घरी मी बारशाला गेलेय. मला रेटचं दुःख नाही, धंदा आहे. पण त्या बारीच्या बाईंच्या दारात मी तीन वर्षं खेटे घातले तेव्हा त्यांनी स्वयंपाकघर दाखवलं, आणि ह्याने ते एका ओळीत "स्थानिक गृहिणीकडून प्रात्यक्षिक" म्हणून विकलं. हे अजून खुपतं, आठ वर्षं झाली तरी.

त्यातून सावरतोय तोवर 2020. आमची बॅच 14 मार्चला निघणार होती, आठही जणांचे पूर्ण पैसे आलेले, आणि 9 तारखेला रात्री इटलीने अख्खा देश बंद केल्याची बातमी. घरांचा ॲडव्हान्स गेला, एअरलाइनने क्रेडिट देतो म्हटलं, रोख द्यायला चौदा महिने लावले. इथे गिऱ्हाइकांचे 11 लाख 40 हजार माझ्या डोक्यावर. पाटल्या आणि बांगड्या गहाण टाकल्या आणि सहा जणांचे पैसे पहिल्या दोन महिन्यांत दिले. सातव्यांना हप्त्याने. आठव्या मावशी. त्यांचा फोन, "माझे राहू देत, मी काय पळून चालले का?" भारतातून नेहमीच्या आंतरराष्ट्रीय फ्लाइट्स सुरू व्हायला 27 मार्च 2022 उजाडलं, दोन वर्षं ते पैसे राहिले. त्या काळात मी घरी खपली गव्हाचा ताजा पास्ता करून कोथरूड-कर्वेनगरच्या सोसायट्यांमध्ये पोचवला, 250 ग्रॅमची पाकिटं, रविवारी चाळीस-पन्नास जायची. तीन फुटी लाटण्याने ऑफिसचं भाडं भरलं.

आता विषय निघालाच आहे तर सांगून ठेवते. कुठेही कुकिंग हॉलिडेला जा, आमच्याकडूनच असं नाही, आधी विचारा की कणीक कोण मळणार. तुम्ही की शेफ? आणि शाकाहारी असाल तर चीजचं नक्की विचारा. पार्मिजानो चीजला वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध फाडायचं विरजण, लागतं, त्याशिवाय ते पार्मिजानो होतच नाही, आणि "व्हेज पास्ता" म्हणून समोर येतं त्यावर तेच किसलेलं असतं. पॅकेटवर काल्यो वेजेताले, म्हणजे वनस्पतीचं रेनेट, असेल ते दुसरं चीज घ्या. बारीत आमच्या ओरेक्क्येत्तेबरोबर चीमे दी रापाची, म्हणजे सलगमच्या जातीच्या पाल्याची, भाजी असते, त्यात अँचोव्ही मासा घालतात, आधी सांगितलं तर बाई तो काढून तेलात परतलेला पावाचा चुरा घालतात आणि मला तर तोच जास्त आवडतो. फावे ए चिकोरिया चुकवू नका, वाळवलेल्या बाकल्याच्या डाळीचं घोटलेलं वरण आणि वर कडू पालेभाजी, ऑलिव्ह तेलाची धार. गरिबाघरचं जेवण आहे, आपल्या लोकांना पहिल्या घासाला कळतं. आणि लाटणं विकत घेतलंत तर चेक-इन सामानात टाका, केबिनमध्ये सोडत नाहीत.

मावशींना आता गुडघ्यांमुळे प्रवास होत नाही. बारीच्या बाई दर वेळी विचारतात, सिन्योरा कुठाय, मी व्हिडिओ कॉल लावून देते, दोघी आपापल्या भाषेत बोलतात. मागच्या बॅचला मावशींनी नखुल्यांचा डबा माझ्याकडे दिला होता. आपण करतो तशी खीर करायची म्हणून मी दूध आणायला निघाले, तर बाईंनी हात धरून थांबवलं, पाणी उकळत ठेवलं, टोमॅटोचा रस्सा केला आणि आठ ताटल्या मांडल्या. मग कपाटातून नववी काढली आणि फोन तिच्यासमोर उभा करून ठेवला.