जेवणाच्या सुट्टीनंतरचा माल

गोकुळ शिरगाव एमआयडीसीतले एक मोल्डिंगवाले फुटका क्रेट घेऊन आमच्या विभागात आले. तुटलेल्या कडेला नख लावलं की कांद्यासारखे पापुद्रे निघत होते. माल रिसायकल दाण्याचा, अंदाजे सत्तर टक्के एचडीपीई (पॉलिएथिलीन) आणि बाकी पीपी (पॉलिप्रॉपिलीन), ही दोन वेगळी प्लास्टिकं.

"सर, दोन्ही पाण्यावर तरंगतात, निवडायचं कसं? आणि जास्त घुसळलं तर एकजीव होईल की न्हाई?"

होत नाही, आणि त्याचं कारण मला दरवेळी नव्यानं विलक्षण वाटतं. फ्लोरी आणि हगिन्स या शास्त्रज्ञांनी लांब रेणूंच्या मिश्रणाचा हिशेब मांडला. त्यात दोन प्रकारच्या रेणूंची एकमेकांबद्दलची नावड मोजणारा आकडा आहे, काय. छोटे रेणू निम्मेनिम्मे घेतले तर ते वेगळे व्हायला तो 2 च्या वर जावा लागतो. प्लास्टिकचे रेणू म्हणजे लांब साखळ्या; हजार कड्यांच्या साखळ्यांना 0.002 पुरतो! साखळी लांब असली की मिसळण्यातला फायदाच उरत नाही. मग एवढीशी नावडही भारी पडते.

मिश्रण वेगळं कसं होत जातं ते सांगणारं कान आणि हिलियर्ड यांचं 1958 चं समीकरण मी संगणकावर सत्तर-तीसच्या मिश्रणासाठी चालवून दाखवलं. पडदा आधी सपाट करडा, मग सगळीकडे एकदमच बारीक थेंब. पुढे मोठे वाढतात, लहान विरतात. थेंबाचा आकार दुप्पट व्हायला आठपट वेळ लागतो. मोल्डिंगवाले खुर्ची ओढून पुढं सरकले.

"ह्यात माल घुसळणारा स्क्रू फिरतोय का?"

"नाही. वितळलेला माल नुसता उभा आहे."

"मग हेच! जेवणाच्या सुट्टीत मशीन थांबतं. त्यानंतरचे पहिले क्रेटच फुटतात."

ही गोष्ट त्यांनी तोवर सांगितलीच नव्हती. मशीनच्या बॅरलमध्ये, म्हणजे माल वितळतो त्या नळीत, माल जळून साखळ्या तुटल्या असतील, ही शंका मला होती. पण त्यानं पापुद्र्यांचा उलगडा होत नव्हता. मग सुट्टीआधीच्या आणि नंतरच्या क्रेटचे पातळ काप मागवले. ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ते 150 अंशांपर्यंत तापवले. एचडीपीई 130 च्या आसपास वितळून काळं पडतं. पीपीला 160 च्या पुढं जावं लागतं, म्हणून ते चमकत राहतं. आधीच्या कापात चमकती बारीक रवाळ नक्षी होती. नंतरच्यात मोठाले डाग, त्यांच्या कडा स्वच्छ सुटलेल्या. संगणकातली लांबी-वेळ प्रत्यक्षाशी जुळवणं हे वेगळं, मोठं काम आहे. पण वाढ कुठल्या दिशेनं होते ते डोळ्यांसमोर होतं.

खरा उपाय म्हणजे दोन्हींशी जुळणारे तुकडे असलेला कंपॅटिबिलायझर. तो थेंबांच्या कडेवर बसतो, थेंबाला थेंब मिळून मोठा होऊ देत नाही आणि दोन्ही बाजू धरून ठेवतो. त्याचा किलोचा दर ऐकून त्यांनी आधी थोडाच मागवायचं ठरवलं. तोवर सुट्टीनंतर बॅरल रिकामं करायचं आणि निघालेला गोळा ग्राइंडरला टाकून पुन्हा वापरायचा, हे मात्र त्यांनी गाडीत बसता बसताच फिटरला फोनवर सांगितलं.