हवालदार म्हटल्यावर सगळे हसले

रविवारचा आमचा रोल-प्लेइंग गेम (प्रत्येकाने एक पात्र घेऊन खेळायचा) गेले सात-आठ महिने चालू आहे, पाच जण, एक डायनिंग टेबल, फासे आणि भरपूर चहा. आधी नेहमीचं एल्फ-ड्रॅगन केलं, मग कंटाळा आला म्हणून मी म्हटलं चला, शिवकाळात खेळू, घोडदळातले लोक घेऊ. पहिल्याच सेशनला एकाला मी सांगितलं की तू आता हवालदार झालास, तर अख्खं टेबल हसलं. एक जण म्हणे, "पावती फाडणार का रे?" चूक त्यांची नाही, आपल्या डोळ्यासमोर हवालदार म्हणजे नाक्यावरचाच येतो.

पण शिवकाळाबद्दलच्या सभासद बखरीत बघा. पंचवीस बारगिरांवर (सरकारी घोड्यावरचे स्वार) एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांचा एक हजारी, पाच हजाऱ्यांवर पंचहजारी, आणि सगळ्यांच्या वर सरनोबत. (गुणाकार केलात तर हजारीकडे बाराशे पन्नास स्वार येतात, नावात हजारच आहेत, चालायचंच.) आणि गडावरचा हवालदार तर अजून वेगळा, तिथे हवालदार, सबनीस (हजेरी-हिशेब लिहिणारा) आणि गडापुरता सरनोबत हे तिघे बरोबरीचे, म्हणजे एकटा कोणी फितूर झाला तरी गड जाऊ नये. आता हे गेममध्ये घ्यायचं म्हणजे 'लेव्हल ५ झालास, हा घे किल्ला' असं करून चालतच नाही ना, किल्ला एकट्याचा कधी होतच नाही.

मी सुरुवातीला तीच चूक केली. एक्सपी (खेळून मिळणारे अनुभवाचे गुण) जमले की हुद्दा वाढवायचा. तीन सेशनमध्ये आमचे दोन हजारी झाले आणि हाताखाली माणूस कोणीच नाही, सगळेच साहेब! मग डोक्यात आलं की लेव्हल वेगळी आणि हुद्दा वेगळा. तलवार चांगली चालवायला लागलास ती लेव्हल, हुद्द्याला मात्र आधी जागा रिकामी पाहिजे. सरनोबतीचंच बघा, १६६६ मध्ये पन्हाळ्याच्या स्वारीत नेताजी पालकर वेळेवर पोचले नाहीत, त्यांची सरनोबती गेली, ती कुडतोजी गुजरांना मिळाली आणि ते प्रतापराव झाले. १६७४ ला नेसरीत प्रतापराव पडले तेव्हा हंसाजी मोहिते सरनोबत झाले, हंबीरराव. म्हणजे बढतीबरोबर नावसुद्धा बदलतं, हे मला फार आवडलं, आता आमच्याकडे मोठी बढती झाली की पूर्ण टेबलने मिळून नवीन नाव ठरवायचं असा नियमच केलाय.

पण खरी मजा आणली ती आमच्या सीए मैत्रिणीने. तिने पहिल्या दिवशीच सांगितलं, मी लढणार नाही, मी कारकून घेणार. मला वाटलं बोअर होईल बिचारी. कसलं काय! प्रत्येक मोठ्या लष्करी हुद्द्याशेजारी एक लिहिणारा असतोच, जुमलेदाराला पाचशे होन (तेव्हाचं सोन्याचं नाणं) तर त्याच्या मजमुदाराला शंभर-सव्वाशे, हजारीला हजार होन आणि त्याच्याबरोबरचा मजमुदार, कारभारी, जमनीस यांना मिळून पाचशे. पैसे कमी, पण हजेरी आणि हिशेब त्यांच्या वहीत. मागच्या महिन्यात आमच्या जुमलेदाराने लुटीतली दोन घोडी गुपचूप स्वतःकडे ठेवली, हिने शांतपणे वही उघडली आणि विचारलं, "लूट सरकारजमा, मग ही घोडी कुठल्या खात्यात लिहू?" फासे टाकायची वेळच आली नाही, साहेब सरळ घोडी परत करून आले.

तेव्हापासून मी दोन शिड्या वेगळ्या ठेवल्यात, एक तलवारीची, एक लेखणीची, आणि वर जाऊन त्या एकमेकींत अडकतात, कारण अष्टप्रधानात न्यायाधीश आणि पंडितराव सोडले तर बाकीच्यांना वेळ पडली की स्वारीवर जावंच लागायचं. म्हणजे आमच्या सीएबाईंना कधीतरी घोड्यावर बसावं लागणार आहे, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

बारगीर-शिलेदाराचं मात्र अजून नीट बसत नाहीये. बारगिराचा घोडा सरकारचा, शिलेदाराचा स्वतःचा, म्हणून सगळ्यांना शिलेदारच व्हायचं असतं. पण घोडा मेला तर नुकसान त्याचं, आणि मी परवा एका शिलेदाराचा घोडा मारला तर तो माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. आता पागेतून घोडा घेऊन त्याला बारगीर करायचं की कर्ज काढून नवीन घोडा घेऊ द्यायचा? तो म्हणतो कर्ज. सबनीसबाई म्हणतात, तारण काय?