ओल्या वाळूवर डिटेक्टर ओरडायला लागला तेव्हा

अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, ओहोटीची वेळ बघून मी आणि माझा मित्र मेटल डिटेक्टर घेऊन किनाऱ्यावर उतरलो. उधाणाच्या दिवसांत पाणी जितकं चढतं तितकंच मागे हटतं आणि एरवी बुडालेला पट्टा थोडा वेळ उघडा पडतो. तुम्ही जाल तेव्हा ओहोटी पुरी व्हायच्या दोन तास आधी पोहोचा. पाण्यामागोमाग खाली सरकता येतं.

माझा डिटेक्टर एकाच फ्रिक्वेन्सीचा, 15 किलोहर्ट्झचा. मित्राकडे मल्टी-फ्रिक्वेन्सीचा, म्हणजे एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारा, मिनलॅब इक्विनॉक्स 800. कोरड्या वाळूत दोघांचं सारखंच चाललं होतं. भिजल्या वाळूत पाऊल टाकलं आणि माझा ओरडतच सुटला, खाली काहीच नसताना! खाऱ्या पाण्यातून वीज वाहते, त्यामुळे ओली वाळूच त्याला धातूसारखी भासते. सेन्सिटिव्हिटी निम्म्यावर आणली तेव्हा गप्प झाला. पण मुद्दाम वीतभर खोल पुरलेलं नाणंही मग त्याला सापडेना. मित्राच्या डिटेक्टरला तेच नाणं पहिल्याच फेरीत सापडलं. म्हणून सांगतो, ओल्या वाळूत शोधायचं असेल तर मल्टी-फ्रिक्वेन्सीच घ्या. पल्स इंडक्शनवालाही, म्हणजे विजेचे छोटे झटके सोडून धातू शोधणारा डिटेक्टरही, खाऱ्या पाण्यात आणि लोहकणांच्या काळ्या वाळूत खोलवर पोहोचतो, पण लोखंड नि सोनं यांतला फरक तो सहसा सांगत नाही. प्रत्येक खिळ्यासाठी खणायची तयारी हवी.

डिस्क्रिमिनेशनवर, म्हणजे आकडा नि आवाजावरून डिटेक्टर धातू कोणता ते सुचवतो त्यावर, फार विसंबू नका. मित्राच्या पडद्यावर 12-13 आकडा दिसला की कॅनच्या झाकणाची कडी निघायची. अशा सात निघाल्या. आठव्यांदा तोच आकडा, तसाच मऊ आवाज. जाळीचं खोरं पाण्यात हलवलं, वाळू गळून गेली आणि तळाशी बारीक सोन्याची अंगठी राहिली. आतल्या बाजूला दोन अक्षरं कोरलेली. कोणीतरी ती शोधत असणार, म्हणून जीवरक्षकांच्या चौकीत नोंद करून दिली. किनाऱ्यावर शोधायला परवानगी लागते का आणि सापडलेल्या वस्तूचं काय करायचं, हे निघण्याआधीच विचारून घ्या.

घेताना आणखी एक बघा: बऱ्याच डिटेक्टरांची फक्त कॉइल, म्हणजे वाळूवरून फिरवायची खालची चकती, पाण्यात चालते, वरचा कंट्रोल बॉक्स नाही. एक लाट पुरते. खोरं स्टेनलेस स्टीलचंच असू द्या. खड्डे लगेच बुजवा, कुणाचा तरी पाय मुरगळतो. आणि घरी आल्यावर कॉइलचं कव्हर काढून आतली वाळू गोड्या पाण्याने धुवा.