दोन घटिकांपुरता मुनी

कोल्हापूर, मार्गशीर्ष वद्य अष्टमी

संसारात राहून मुनीसारखं जगायचं म्हटलं की लोक लगेच मनःशांतीवर येतात. श्रावकाचार, म्हणजे जैन गृहस्थाचे आचारनियम, तिथून सुरू होत नाही, तो घड्याळापासून सुरू होतो. सामायिक, म्हणजे ठरावीक वेळ समभावाने जप-ध्यानात बसणं, कमीत कमी दोन घटिकांचं. घटिका २४ मिनिटांची, म्हणजे झाली ४८ मिनिटं. मध्यम चार घटिका, उत्तम सहा. तेवढ्या वेळापुरते आरंभ-परिग्रह, म्हणजे कामधंदा आणि मालमत्ता, सगळे बाजूला. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात म्हटलंय की सामायिकात बसलेला गृहस्थ म्हणजे कुणीतरी अंगावर वस्त्र टाकलेला मुनीच. केवढी सवलत! आणि अट तेवढीच कडक. ४८ मिनिटांत बसल्या जागेवरून कुकरच्या शिट्ट्या मोजल्या की मुनीपण संपलं.

बसण्याआधी उभं राहायचं असतं, हे बरेच जण गाळतात. तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला. हात सैल सोडून कायोत्सर्ग, म्हणजे देहाची ममता सोडून स्थिर राहणं, त्यात नऊ वेळा णमोकार मंत्र. मग जोडलेल्या हातांचे तीन आवर्त, म्हणजे गोल फेरे, आणि एक शिरोनती, म्हणजे डोकं लववून नमस्कार. हेच चारही दिशांना, म्हणजे बारा आवर्त, चार नमस्कार. मग किती वेळ बसणार ते मनाशी पक्कं करायचं आणि आसन घ्यायचं. पद्मासनाचा हट्ट नको. गुडघे वर राहत असतील तर बैठकीखाली सतरंजीची दोन-तीन इंचांची घडी घालावी. कंबर उचलली की गुडघे आपोआप खाली येतात आणि पाठ धरत नाही. मोबाईलमध्ये गजर लावायचा असेल तर लावा, पण मोबाईल दुसऱ्या खोलीत.

जपाचं माप श्वासावर. एक णमोकार तीन श्वासांत: ‘णमो अरिहंताणं’ श्वास घेताना, ‘णमो सिद्धाणं’ सोडताना, पुढची दोन पदं दुसऱ्या श्वासात, ‘णमो लोए’ घेताना आणि ‘सव्वसाहूणं’ सोडताना. नऊ णमोकार म्हणजे २७ श्वास, १०८ ची माळ म्हणजे ३२४. शांत बसलेल्या माणसाचे मिनिटाला बारा ते पंधरा श्वास धरले, तर एका माळेला २२ ते २७ मिनिटं लागायलाच हवीत. माळ आठ मिनिटांत संपत असेल तर जीभ पुढे गेली, श्वास मागे राहिला. उरलेला वेळ प्रतिक्रमण (झालेल्या दोषांची कबुली), प्रत्याख्यान (पुढच्या त्यागाचा निश्चय), स्तुती, वंदना यांचा. तो आपसूक भरतो.

बिघडतं कुठे, तेही शास्त्रकारांनी मोजून ठेवलंय. सामायिकाचे अतिचार, म्हणजे व्रतात शिरणारे दोष, पाच: मनाचं, वाणीचं आणि कायेचं भरकटणं, अनादर, आणि विस्मरण. नवीन माणूस पहिल्यावरच अडकतो, ‘माझं मन लागत नाही’ म्हणून सोडून देतो. माझं मत विचाराल तर मन भरकटणं हा यांतला सर्वांत किरकोळ दोष. ते परत आणता येतं, आणि परत आणणं हेच तर काम आहे. खरा घात करतो अनादर, म्हणजे उरकून टाकणं. तो रोज तीन-चार मिनिटं खातो आणि महिन्याभरात सामायिकाचं नुसतं नाव उरतं. विस्मरणावर उपाय सोपा: वेळ आणि जागा बदलायची नाही. संध्याकाळच्या सामायिकाचीच वेळ नेमकी रंकाळ्यावर भेळ खायला जायची, त्याला इलाज नाही.

मला सगळ्यात आवडतं ते देशव्रत. दिग्व्रतात जन्मभरासाठी दिशांची हद्द बांधतात. देशव्रतात तीच हद्द दिवसापुरती, पंधरवड्यापुरती आणखी आवळायची. खुणा साध्या: घर, शेत, गाव, नदी. कोल्हापुरात आजच्या दिवसाला वायव्येला पंचगंगेवरचा शिवाजी पूल, पश्चिमेला रंकाळा, दक्षिणेला कळंबा तलाव, पूर्वेला रेल्वे स्टेशन. बस्ती (जैन मंदिर), भवानी मंडप, लक्ष्मीपुरीचा बाजार सगळं आत येतं. काही अडत नाही. पण इथले अतिचार वाचले की हसू येतं आणि मग येत नाही. हद्दीबाहेरून वस्तू मागवणं, बाहेर माणूस पाठवणं, आवाज देऊन बाहेरच्याकडून काम करून घेणं, स्वतःचं रूप दाखवून खुणावणं, खडा फेकून लक्ष वेधणं. स्वतः गांधीनगरला जायचं नाही, पण तिथलं कापड घरपोच मागवायचं. पोराला गाडी देऊन कागलला पिटाळायचं. फोनवरून हुकूम सोडायचे. सांगलीच्या पाहुण्यांना व्हिडिओ कॉल लावून व्यवहार ठरवायचा. खडा म्हणजे आपला मिस्ड कॉल. पाय घरात आणि हात चारही दिशांना, ही युक्ती मोबाईलच्या कितीतरी आधी ओळखलेली होती. म्हणून हद्द सांगताना ‘जाणार नाही’ एवढंच म्हणून भागत नाही, ‘मागवणार नाही, पाठवणार नाही’ हेही धरावं लागतं.

रात्रिभोजनत्यागात अडचण श्रद्धेची कमी, डब्याची जास्त. सूर्यास्ताआधी दोन घटिका जेवण आटपायचं. कोल्हापुरात जूनमध्ये सूर्य सातनंतर मावळतो, तेव्हा निभतं. आता सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे सव्वापाचला ताटावरून उठलेलं असायला हवं. सहाला सुटणाऱ्या नोकरदाराने दुसरा डबा नेला नाही तर नियम मोडणार हे सकाळीच ठरलेलं असतं. पाण्याचंही तसंच. गाळलेलं पाणी ४८ मिनिटं चालतं, लवंग घालून प्रासुक (जीवरहित) केलेलं सहा तास, उकळलेलं २४ तास. बाटली घेऊन बाहेर पडणाऱ्याने उकळलेलंच न्यावं. गाळणं दुहेरी, जाड सुती कापडाचं.

चातुर्मासात महाराजांपुढे गर्दीत हात वर करून आजन्म त्याग घेणारे खूप. आजन्म तो यम, मुदतीचा तो नियम. गृहस्थाला मुदतीचा पेलतो. वहीत ओळ लिहावी: काय सोडलं, कुठल्या वेळेपर्यंत, मोडलं तर पाचांपैकी कुठल्या अतिचाराने. ‘गोड कमी करीन’ ही ओळ वहीत बसतच नाही, कारण ती मोडली कधी हे कळणारच नाही. ‘पौर्णिमेपर्यंत गूळ-साखर नाही’ ही बसते.

उत्तम प्रोषधोपवास, म्हणजे अष्टमी-चतुर्दशीचा पर्वाचा उपवास, सोळा प्रहरांचा: काल सप्तमीला दुपारी एकदाच जेवण, आज चारही आहारांचा त्याग, त्यात पाणीही आलं, उद्या नवमीला दुपारी पुन्हा एकदाच. तीन तासांचा प्रहर धरला की ४८ तास भरतात. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या भानगडीत पडू नये. एकाशनाची, म्हणजे दिवसातून एकदाच जेवण्याची, सोय त्यांच्यासाठीही आहे, तीसुद्धा विचारूनच. उद्याच्या पारण्याला आधी मुगाचं कढण, थोड्या वेळाने मऊ भात आणि तूप. भाकरी आणि झणझणीत आमटी दशमीला.